चांदा जिल्ह्यातील १८५८ चा उठाव

चांदा जिल्ह्यातील १८५८ चा उठाव हा मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर राजगोंड यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी सत्तेविरुद्ध झालेला सशस्त्र लढा होय. तत्कालीन चांदा जिल्ह्यात आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचा बराचसा भाग समाविष्ट होता. उठावातील प्रमुख लढाया मार्च ते एप्रिल १८५८ या काळात झाल्या. १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात फाशी देण्यात आली. व्यंकटराव १८६० मध्ये बस्तर संस्थानात पकडले गेले.

१८५७ च्या देशव्यापी संघर्षाचा मध्य भारतातील वनप्रदेशात उमटलेला हा सर्वांत ठळक पडसाद मानला जातो. लष्करी इतिहासाच्या दृष्टीने त्याचे वैशिष्ट्य असे, की इंग्रजी फौजेला तो प्रत्यक्ष लढाईत मोडता आला नाही. जमीनदारांमधील परस्परसंबंधांचा उपयोग करूनच तो संपवण्यात आला. अरण्यातील बंडखोर युद्धाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोहोंच्या अभ्यासासाठी म्हणून हा उठाव महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. राजधानीतील सत्ता बदलली, तरी पूर्वेकडील व दक्षिणेकडील जंगलपट्टीतील जमीनदाऱ्या बहुतांशी पूर्वीप्रमाणेच चालत राहिल्या. हे जमीनदार नाममात्र खंडणी देत आणि आपल्या मुलखातील न्यायनिवाडा, वसुली व बंदोबस्त स्वतः पाहत. जिल्ह्यातील या जमीनदाऱ्यांत अहेरीची जमीनदारी विस्ताराने सर्वांत मोठी आणि प्रतिष्ठेने अग्रगण्य होती. मोलमपल्लीचे छोटे घराणे तिच्याच छायेत नांदत होते.

तिसरे रघूजी भोसले यांचे डिसेंबर १८५३ मध्ये निधन झाले. वारस नसल्याचे कारण देऊन लॉर्ड डलहौसीच्या सरकारने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले आणि चांदा जिल्हा थेट इंग्रजी अमलाखाली आला. नव्या कारभारात जमीनदारांच्या हक्कांची छाननी सुरू झाली. परंपरेने चालत आलेली सत्ता कागदावर सिद्ध करण्याची वेळ आल्यामुळे त्यांच्यात अस्वस्थता पसरली.

१३ जून १८५७ रोजी नागपूर येथील अनियमित घोडदळाने उठावाचा बेत केला होता, तो फसला. कामठी येथील मद्रासी पलटणी इंग्रजांशी एकनिष्ठ राहिल्या आणि भोसले घराण्यातील वयोवृद्ध बाकाबाई यांनी आपल्या माणसांना उठावापासून दूर ठेवले. परिणामी, नागपूरचे केंद्र इंग्रजांच्या हाती कायम राहिले. चांद्याच्या अरण्यात नऊ महिन्यांनी जेव्हा शस्त्रे उचलली गेली, तेव्हा त्या उठावाला आधार देणारे जवळचे मोठे शहर उरले नव्हते.

भूप्रदेश

उठावाचा प्रदेश वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानंतर पुढील प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. सागवान व बांबूची दाट वने, तुटक डोंगररांगा, ओढेनाले आणि त्यांच्या आधाराने वसलेली विरळ गावे असे या मुलखाचे स्वरूप आहे. त्या काळी तेथे पक्के रस्ते नव्हते. तोफा किंवा सामानाच्या गाड्या घेऊन चालणाऱ्या फौजेला ठरावीक वाटांनीच जावे लागे.

राजकीय सीमाही बंडखोरांना अनुकूल होत्या. प्राणहितेच्या पश्चिमेस निजामाचा मुलूख होता. सिरोंचाचा भागही १८६० पर्यंत निजामाच्याच राज्यात मोडत होता. आग्नेयेस बस्तर संस्थान होते. त्यामुळे पाठलाग झाल्यास नदी ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत जाणे शक्य होते.

ऋतुमानाचा प्रभावही तेवढाच मोठा होता. मार्च-एप्रिलमध्ये नद्यांना उतार असतो आणि पायदळाला त्या सहज ओलांडता येतात. पण सागाची पानगळ झाल्याने जंगल उघडे पडते व लहान नाले आटतात. पाण्यासाठी गावतळी आणि मोठे प्रवाह यांच्याजवळ राहणे दोन्ही पक्षांना भाग पडते. जून महिन्यानंतर नद्या दुथडी भरून वाहू लागल्या, की मोठ्या तुकड्यांच्या हालचाली जवळजवळ थांबतात.

नेतृत्व आणि दलाची उभारणी

बाबूराव यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी परिसरातील किष्टापूर येथे झाला, असे मानले जाते. त्यांच्या वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू आणि आईचे नाव जुर्जाकुँवर. त्यांचे काही शिक्षण रायपूर येथे इंग्रजी शाळेत झाले. उठावाच्या वेळी ते जेमतेम पंचवीस वर्षांचे होते.

परंपरेनुसार २४ सप्टेंबर १८५७ रोजी त्यांनी ‘जंगोम सेना’ या नावाने दल उभारले. सुमारे ५०० जणांच्या या दलात गोंड, माडिया, तेलंगे आणि रोहिले होते. गोंड व माडिया योद्धे धनुष्यबाण, भाले, कुऱ्हाडी वापरण्यात तरबेज आणि वाटांचे जाणकार होते. रोहिले हे पगारी शिपाई असून त्यांना बंदुका चालवण्याचा सराव होता. गोंड आणि रोहिले यांची अशीच युती त्या काळात प्राणहितेपलीकडे निजामाच्या मुलखात निर्मळ भागात रामजी गोंड यांच्या उठावातही दिसते. रानाचे ज्ञान एका घटकाकडे आणि बंदुकीचे कसब दुसऱ्याकडे, अशी ही रचना होती.

मात्र या दोन घटकांच्या निष्ठेचा पाया वेगळा होता. गोंड तरुण नात्यागोत्याने आणि जमीनदारीच्या संबंधाने बांधलेले होते. रोहिल्यांचे नाते वेतनाशी होते, आणि असेच रोहिले इतर जमीनदारांच्या पदरीही होते. या भेदाचा परिणाम पुढे दिसून आला.

युद्धाचा क्रम

७ मार्च १८५८ रोजी बाबूरावांनी राजगड परगण्यावर हल्ला करून तो ताब्यात घेतला. इंग्रजांच्या बाजूचे रामजी गेडाम या लढाईत मारले गेले. या यशानंतर अडपल्ली-घोटचे व्यंकटराव आपल्या माणसांसह उघडपणे सामील झाले आणि बंडाला दुसरा जमीनदार-नेता मिळाला.

चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन डब्ल्यू. एच. क्रिक्टन यांनी तातडीने फौज पाठवली. १३ मार्च रोजी नांदगाव-घोसरी येथे दोन्ही पक्षांची गाठ पडली. या लढाईत इंग्रजी तुकडीची मोठी हानी झाली आणि तिला माघार घ्यावी लागली. पहिल्या हल्ल्यापासून अवघ्या सहा दिवसांत बंडखोरांनी दोन लढाया दिल्या होत्या. नागपूरहून कुमक येण्यापूर्वीच स्थानिक फौजेला गाठायचे, असा त्यांच्या हालचालींचा वेग होता.

यानंतर त्यांनी मूल परिसरातील गढीसुर्ला येथील डोंगरावर ठाणे केले. तेथे जुन्या गढीचे अवशेष होते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात इंग्रजी फौजेने डोंगराला वेढा घातला. वर चढणाऱ्या शिपायांवर मोठमोठे दगड लोटून बंडखोरांनी हल्ला परतवल्याचे वर्णन मिळते. बंदुका मोजक्या असलेल्या दलाने उंचीचाच शस्त्र म्हणून उपयोग केला. वेढ्यात अडकून न राहता हे दल पुढे तेथून निसटले.

१९ एप्रिल रोजी सगणापूर येथे व २७ एप्रिल रोजी बामनपेठ येथे पुन्हा लढाया झाल्या. या दोन्ही लढायांनंतर उठाव चालूच राहिला.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री बंडखोरांनी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर छापा घातला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटून क्रिक्टन यांच्याकडे पोहोचला. दूरदूरच्या छावण्यांना एकत्र हालवण्याचे इंग्रजांचे प्रमुख साधन तारायंत्र होते, हे १८५७ च्या अनुभवाने स्पष्ट झाले होते. त्या दृष्टीने हे लक्ष्य लष्करी महत्त्वाचे होते. पण त्याचे राजकीय परिणाम बंडखोरांना जड गेले. तोवर जिल्ह्याचा बंदोबस्त म्हणून पाहिला जाणारा हा प्रश्न इंग्रज अधिकाऱ्यांच्या हत्येचे प्रकरण बनला आणि बाबूरावांना पकडण्यासाठी सरकारने सर्व मार्गांचा अवलंब केला. त्यांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे इनाम जाहीर करण्यात आले.

अहेरीची भूमिका आणि उठावाचा शेवट

क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून बाबूरावांना पकडण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. मोलमपल्ली हे अहेरीच्याच प्रभावक्षेत्रातील ठिकाण असल्याने तेथील बंडाचा ठपका अहेरीवर येण्याचा धोका होता. इंग्रजी फौजेकडे नसलेल्या दोन गोष्टी लक्ष्मीबाईंकडे होत्या: रानवाटा ओळखणारी माणसे आणि गावोगावच्या बातम्या.

जुलै १८५८ मध्ये बाबूराव बस्तरमधील भोपालपटनम येथे रोहिल्यांच्या हाती सापडले, परंतु वाटेतूनच निसटले. आपल्याला पकडणाऱ्या रोहिल्यांचे मन त्यांनी वळवले, असे परंपरा सांगते. १८ सप्टेंबर रोजी मात्र लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पुन्हा पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. चांद्यात खटला चालून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना त्यात क्षमा देऊ केली होती. मात्र ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतल्याचे सिद्ध झालेल्यांना ती लागू नव्हती. चिंचगुंडीच्या घटनेमुळे बाबूरावांना या सवलतीचा लाभ मिळण्याची शक्यता तशीही अल्पच होती.

व्यंकटराव बस्तरमध्ये जवळपास दीड वर्ष लपून राहिले. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. त्यांना जन्मठेप झाली व त्यांची मालमत्ता जप्त झाली. आई नागाबाई यांच्या रदबदलीमुळे त्यांची फाशी टळली, असे सांगितले जाते. अडपल्ली-घोटच्या जमीनदारीतील ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून देण्यात आली.

लोकस्मृतीत लक्ष्मीबाईंच्या कृतीकडे फितुरी म्हणून पाहिले जाते. तत्कालीन परिस्थितीत त्यांच्यासमोर असलेले पर्यायही लक्षात घेणे आवश्यक आहे. नागपूरचे राज्य चार वर्षांपूर्वीच खालसा झाले होते आणि जमीनदारीचे हक्क सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते. उठावाच्या यशाची चिन्हे मावळत असताना तटस्थ राहणेही अहेरीला महागात पडले असते. तथापि, त्यांना मिळालेली गावे पराभूत सहकारी जमीनदाराचीच होती, ही वस्तुस्थितीही त्याबरोबर नोंदवावी लागते.

युद्धतंत्राचे मूल्यमापन

एखादी लढाई जिंकण्याचे कसब आणि अनेक लढायांची गुंफण करून युद्धाचा हेतू साधणारी मोहिमेची आखणी, असा भेद लष्करी शास्त्रात केला जातो. या कसोटीवर १८५८ च्या उठावाचे चित्र संमिश्र दिसते.

लढाईच्या पातळीवर बंडखोरांचे नेतृत्व निर्विवाद समर्थ होते. त्यांनी लढाईची जागा बहुतेक वेळा स्वतः निवडली, उंचवट्यांचा उपयोग केला, वेढा पडताच ठिकाण सोडले आणि प्रबळ फौजेशी उघड्या मैदानावर निर्णायक सामना टाळला. शिवकाळापासून महाराष्ट्राला परिचित असलेल्या गनिमी काव्याची ही सर्व लक्षणे होत. डोंगरी किल्ल्यांची साखळी आणि त्यांतील साठवलेले धान्य हा मराठ्यांच्या गनिमी काव्याचा कणा होता. चांद्याच्या बंडखोरांकडे तशी साखळी नव्हती. गढीसुर्ला हे एकाकी ठाणे होते. तेथे दीर्घकाळ टिकण्याइतकी रसद जमवण्यास सवड मिळाली नाही.

मोहिमेच्या पातळीवर तीन उणिवा प्रकर्षाने जाणवतात. पहिली, वेळेची. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाशी घेतली. म्हणजे चांद्याचा उठाव ऐन भरात असताना उत्तरेकडील उठाव ओसरू लागला होता. दुसरी, समन्वयाची. तात्या टोपे यांनी ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून नागपूर प्रांताच्या दिशेने चाल केली, तेव्हा बाबूरावांना फाशी होऊन काही दिवस लोटले होते. दोन्ही लढे एकाच वेळी एकाच प्रांतात उभे राहू शकले नाहीत.

तिसरी उणीव राजकीय पायाची, आणि तीच निर्णायक ठरली. जिल्ह्यातील जमीनदारांपैकी उघडपणे आघाडीवर राहिलेले दोघेच होते. सर्वांत बलाढ्य अहेरी बाजूला राहिली आणि अखेरीस विरोधात गेली. अरण्यात लपणाऱ्या दलाला अन्न, बातमी आणि आसरा गावाकडूनच मिळतो. गावावर जमीनदाराचा शब्द चालत असेल, तर जमीनदार फिरताच अरण्याचे संरक्षण नाहीसे होते. बाबूराव दोन्ही वेळा पकडले गेले ते रणांगणाबाहेर, आणि दोन्ही वेळा पकडणारे पलटणीचे शिपाई नव्हते.

इंग्रजी बाजूच्या नेतृत्वाचाही विचार येथे करावा लागतो. क्रिक्टन यांच्या फौजेला एप्रिलअखेरपर्यंत चकमकींतून निर्णय लावता आला नव्हता. त्यानंतर त्यांनी भर दिला तो जमीनदारांवरील दडपणावर आणि इनामाच्या आमिषावर. पावसाळ्यात फौजेची हालचाल कठीण असताना हीच साधने उपयोगी पडली. स्थानिक माणसांच्या हातून स्थानिक बंड मोडण्याची ही पद्धत वसाहतकाळातील अनेक वनप्रदेशांत वापरली गेली.

साधने आणि लेखनपरंपरा

या उठावाची माहिती मुख्यतः दोन प्रकारच्या साधनांतून मिळते. पहिला प्रकार सरकारी कागदपत्रांचा: अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार, मेजर ल्यूसी-स्मिथ यांनी तयार केलेला जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल आणि त्यानंतरची गॅझेटिअरे. तारखा, ठिकाणे व अधिकाऱ्यांची नावे यांसाठी ही साधने उपयुक्त आहेत. पण वसाहतकालीन लेखनात बंडखोरांच्या हालचालींना सामान्यतः ‘लूटमार’ म्हटले आहे आणि त्यांच्या हेतूंविषयी फारसे सांगितलेले नाही. दुसरा प्रकार गोंड समाजातील मौखिक परंपरेचा आहे. तीत बाबूरावांचे शौर्य, त्यांच्या अंगची अलौकिक शक्ती आणि त्यांच्याविरुद्ध झालेला दगा यांवर भर असतो. सरकारी साधनांत जे परगण्यांची लूट म्हणून येते, तेच मौखिक परंपरेत सावकारी व परकी सत्तेविरुद्धचे युद्ध म्हणून येते. दोन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय उठावाचे स्वरूप स्पष्ट होत नाही.

नंतरचा काळ

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी, १९८० च्या सुमारास, पीपल्स वॉर गटाची सशस्त्र पथके प्राणहिता व गोदावरीपलीकडून या भागात येऊ लागली होती आणि पुढील चार दशके हा प्रदेश नक्षलवादी हिंसाचाराने ग्रस्त राहिला. विचारसरणी, नेतृत्व आणि उद्दिष्टे या सर्वच बाबतींत ही चळवळ १८५८ च्या उठावापेक्षा भिन्न आहे. दोहोंची सरसकट तुलना योग्य ठरणार नाही. परंतु नद्या, राज्यांच्या सीमा आणि दाट वने यांचा लष्करी उपयोग दोन्ही काळांत सारखाच दिसतो. शासनाने १९९० मध्ये उभारलेल्या ‘सी-६०’ या विशेष पोलीस दलात स्थानिक बोली व रानवाटा जाणणाऱ्या जिल्ह्यातील तरुणांनाच प्राधान्याने घेतले गेले. या मुलखात स्थानिक माणसाच्या सहभागाशिवाय कोणत्याही पक्षाला यश मिळत नाही, ही १८५८ मध्ये दिसलेली गोष्ट त्यातून पुन्हा अधोरेखित झाली. दोन्ही काळांत या संघर्षाची सर्वाधिक झळ दोन्ही बाजूंमध्ये अडकलेल्या आदिवासी गावांना बसली.

स्मारके

चंद्रपूर येथील जिल्हा कारागृहाच्या आवारातील पिंपळवृक्षाजवळचे स्थळ बाबूरावांचे हौतात्म्यस्थान म्हणून ओळखले जाते. दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी तेथे अभिवादनासाठी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतून आदिवासी बांधव मोठ्या संख्येने येतात. भारतीय टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी बाबूराव शेडमाके यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित केले.